अर्थिंगच्या वायरला पाईप हवाच का? सोसायटीत दोन तट पडलेत

जिन्याखालचा:
नमस्कार मंडळी, एक शंका आहे आणि रविवारच्या मीटिंगआधी उत्तर पाहिजे. आमची बिल्डिंग डोंबिवलीत, ९३ सालची, चार मजले, चोवीस फ्लॅट, मीटर रूम जिन्याखाली. मागच्या पावसाळ्यात दोघा-तिघांना गिझरचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना चक्क नळाचा झटका बसला, तेव्हा सगळं अर्थिंग नवीन करायचं ठरलं. कोटेशन आलंय. दोन नवीन खड्डे, खड्ड्यापासून मीटर रूमपर्यंत जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी, आत तांब्याची बसबार म्हणजे सगळ्या अर्थ जिथे एकत्र जोडतात ती पट्टी, तिथून १६ स्क्वेअरची (म्हणजे १६ चौरस मिमी छेदाची) हिरवी-पिवळी वायर, लिफ्टला वेगळं. इथपर्यंत सगळ्यांना मान्य. पण खाली एक वेगळी ओळ आहे, "अर्थिंग वायर व पट्टीस पाईप/कव्हर", अठरा हजार. यावरून जुंपलीय. आमचे खजिनदार म्हणतात अर्थिंगमध्ये करंट असतो कुठे, ती नुसती सेफ्टीची वायर, उघडी असली तरी चालते, कॉन्ट्रॅक्टर बिल फुगवतोय. दुसरा गट म्हणतो नियम आहे. कुठला ते कोणी सांगत नाही. मी बीकॉम आणि सेक्रेटरी एवढ्यासाठीच की मीटिंगला उशिरा पोचलो. मदत करा.

शंकेखोर:
खजिनदार बरोबर आहेत. आमच्या बिल्डिंगला तीस वर्षं उघडी पट्टी आहे भिंतीवर. काय झालं? काही नाही. अठरा हजारात गच्चीचं एक कोपऱ्याचं वॉटरप्रूफिंग होईल.

खांबावरून:
शंकेखोर, काही झालं नाही हे तुम्हाला कळलं कसं? चेष्टा नाही करत, खरंच विचारतो. मी चौतीस वर्षं वीज मंडळात काढली, त्यातली निम्मी लाईनवर. फेज तुटला की दिवा जातो, माणूस पाच मिनिटांत फोन करतो. न्यूट्रल तुटला की कोणाचा तरी टीव्ही जळतो आणि माणूस शिव्या घालत फोन करतो. अर्थ तुटला तर? फ्रीज चालू, गिझर तापतोय, लिफ्ट वरखाली करतेय. कोणीच फोन करत नाही. दहा वर्षं तुटलेली राहू शकते. ज्या वायरचं तुटणं कळत नाही ती वायर तुटू नये म्हणून जास्त जपायची असते, उलट नाही.

एक बघितलेलं सांगतो, गाव सांगत नाही. एका सोसायटीत पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले. त्या कामात जमिनीपासून वीतभर वर पट्टी कापली गेली, मुकादमाने टोक भिंतीकडे वाकवून दिलं, नंतर रंगवाल्याने त्यावर ऑइल पेंट मारला. बघणाऱ्याला पट्टी सरळ जमिनीत गेलेली दिसायची. आम्ही गेलो तेव्हा बसबारवर सगळ्या फ्लॅटच्या अर्थ एकत्र होत्या आणि खाली जमिनीला काही नाही. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही ती. एका फ्लॅटचा गिझर बॉडीला आला, म्हणजे आतला फेज पत्र्याला लागला, की ते व्होल्टेज अर्थच्या वायरीतून बसबारवर येणार आणि तिथून बाकी सगळ्या फ्लॅटच्या फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सरच्या पत्र्यावर. दुसऱ्याच्या गिझरचा झटका तुम्हाला तुमच्या फ्रीजला. आणि तुमच्या घरात ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, असली तरी ती पडणार नाही, कारण तो करंट तुमच्या फेज-न्यूट्रलमधून आलाच नाही. पडली तर ज्याचा गिझर खराब त्याची पडेल, आणि नेमकी त्याच्याच घरी नसते.

ताकभात:
बापरे. हे वाचून मी आत्ता फ्रीज उघडायला चप्पल घातली.

शंकेखोर:
काका, तुमचं म्हणणं पटतंय, पण यातून पाईप हवा हे कसं सिद्ध होतं? कापणारा पाईपसकट कापेल. आणि पाईपमध्ये झाकली की आत गंज लागला तरी दिसणार नाही. उघडी पट्टी निदान डोळ्यांना दिसते.

कृष्णाकाठ:
मी सांगलीकडं वायरिंगची कामं घेतो, लायसन आहे. नियम कुठला म्हणून विचारलंय तर ते सांगतो आधी. आपल्याकडं अर्थिंगचं पुस्तक म्हणजे आयएस ३०४३, पहिलं १९६६ चं, मग १९८७, आता २०१८ चं. त्यात सरसकट "पाईप घाला" असं नाहीच बगा. त्यात असं आहे की अर्थची वायर केबलच्या आतली नसून सुटी नेली असेल तर, तांब्याची धरून, ठोकर लागू नये अशी सोय असेल तर कमीत कमी अडीच स्क्वेअर आणि सोय नसेल तर कमीत कमी चार स्क्वेअर. म्हणजे पुस्तकच सांगतंय, एकतर झाकून न्या नाहीतर जाड घ्या. इंग्रजांच्या पुस्तकात पण हेच दोन आकडे आहेत.

आता जुन्या घरातलं बगा. बॅटनपट्टीच्या वायरिंगला बाजूनं उघडी १४ गेजची तार नेलेली असायची, आठवत असेल. १४ गेज म्हणजे २.०३ मिमी जाडी, क्षेत्रफळ काढलं तर सव्वातीन स्क्वेअरच्या आत. म्हणजे तांब्याची असली तरी उघडी न्यायला ती बारीकच, आणि जीआयची असली तर बोलायलाच नको, लोखंड तांब्याच्या साधारण आठपट अडवतंय करंटला. लोक म्हणतात आमच्यात ८ गेजची जाड तार हाय. ८ गेज म्हणजे १३ स्क्वेअर, जीआय असेल तर तांब्याच्या हिशेबात दीड-पावणेदोन स्क्वेअर. दिसायला पैलवान, आतनं पोकळ.

तुमच्या मीटर रूममधल्या १६ स्क्वेअर तांब्याच्या वायरला वरून छताजवळनं सॅडल (भिंतीच्या क्लिपा) मारून नेली आणि खोलीला कुलूप असेल तर पाईपची गरज मला तरी दिसत नाही. त्या ओळीत ते धरलंय का बगा.

जिन्याखालचा:
बघितलं. धरलंय. मीटर रूमच्या आतलेसुद्धा रनिंग मीटर धरलेत. पण कुलूप असेल तर म्हणालात, तर खरं सांगतो, आमच्या मीटर रूममध्ये तीन सायकली, एक मोडकी पाळणाखुर्ची, गणपतीच्या मखराचे थर्माकोल आणि दूधवाल्याचा क्रेट आहे. कुलूप होतं, किल्ली वॉचमनकडे होती, तो वॉचमन २०१९ मध्ये गेला.

ताकभात:
गेला म्हणजे??

जिन्याखालचा:
गावी गेला हो. किल्लीसकट.

थेम्सकाठी:
मी लंडनजवळ इलेक्ट्रिशियन आहे, मूळचा नगरचा. कृष्णाकाठ म्हणाले ते आकडे बरोबर, आमच्याकडच्या वायरिंगच्या पुस्तकात, बीएस ७६७१ मध्ये, तेच आहे. थोडी भर घालतो बाँडिंगबद्दल, कारण धाग्यात फक्त अर्थिंग चाललंय आणि काकूंच्या नळाचा झटका हा बहुतेक दुसरा विषय आहे.

इथे घरात पाणी आणि गॅसचा धातूचा पाईप जिथून आत येतो तिथेच त्याला हिरव्या-पिवळ्या वायरने मेन अर्थला जोडावं लागतं. गॅसला शक्यतो मीटरपासून ६०० मिमीच्या आत, फाटा फुटायच्या आधी. साध्या घरात ही वायर १० स्क्वेअर तांब्याची असते. आणि या १० स्क्वेअरला आम्ही पाईप घालत नाही! भिंतीला क्लिप मारतो, जिन्याखालच्या कपाटातून, फळीखालून नेतो. ती आपल्या जाडीवर उभी राहते असं धरलेलं आहे, ६ स्क्वेअरपर्यंत मात्र उघडं तांबं चालत नाही, निदान इन्शुलेशन हवंच. पण जिथे कोणाचा पाय लागेल, व्हॅक्यूम क्लीनर आपटेल, बाहेरच्या भिंतीला गवत कापायचं मशीन लागेल, तिथे झाकावंच लागतं. तो निर्णय काम करणाऱ्याने जागेवर घ्यायचा. म्हणून इथेसुद्धा यावर इलेक्ट्रिशियन लोकांची भांडणं होतात, डोंबिवलीची मक्तेदारी नाही.

जमिनीखाली गेलात की मात्र आकडे कडक होतात. गंजापासून बचाव आहे पण ठोकरीपासून नाही, तर कमीत कमी १६ स्क्वेअर तांबं. गंजापासूनही बचाव नाही तर तांबं २५ आणि लोखंड ५०.

आणि खजिनदारांना सांगा, अर्थमध्ये करंट नसतो हे खरं नाही. इथे बऱ्याच घरांना न्यूट्रल आणि अर्थ रस्त्यातून एकाच तारेने येतात. ती तार बाहेर कुठे तुटली तर घराचा परतीचा सगळा करंट बाँडिंगच्या वायरीतून, पाण्याच्या पाईपमधून जमिनीत जायला बघतो. बाँडिंग जाड ठेवायचं एक कारण तेच.

उंबरठा:
बाँडिंग म्हणजे नक्की काय ते एका वाक्यात कोणी सांगेल का, मला अर्थिंग आणि बाँडिंग एकच वाटत होतं.

थेम्सकाठी:
अर्थिंग म्हणजे बिघाड झाला की करंटला परत जायला जाड वाट करून देणं, म्हणजे फ्यूज उडतो. बाँडिंग म्हणजे तुम्ही एकाच वेळी ज्या दोन धातूंना हात लावू शकता त्यांना आपसात बांधणं, म्हणजे बिघाड झाला तरी दोघांचं व्होल्टेज एकत्र वर जाईल, तुमच्या दोन हातांमध्ये फरक उरणार नाही. दोन वाक्यं झाली, माफ करा.

खांबावरून:
छान सांगितलंत. जिन्याखालचे, काकूंच्या नळाचं मी सांगतो काय असेल ते, तिथे जाऊन बघा. तुमची बिल्डिंग ९३ ची म्हणजे मूळ नळ जीआयचे. मधे कोणीतरी गळती काढताना खालचा तुकडा सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, टाकला असेल. म्हणजे वरचा लोखंडी तुकडा आता कशालाच जोडलेला नाही, हवेत लटकलाय. गिझरची टाकी त्याला जोडलेली, गिझरचं एलिमेंट फुटलेलं आणि अर्थ तुटलेली. नळ जिवंत. पूर्वी नळाच्या पाईपलाच अर्थ समजून तार गुंडाळायचे लोक, तेव्हाही ते चूकच होतं, आता प्लास्टिकच्या जमान्यात तर ती तार म्हणजे नुसता दागिना.

जिन्याखालचा:
काका तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन गेलात का कधी? प्लंबरने दुसऱ्या मजल्यावर पांढरा पाईप टाकलाय. तंतोतंत.

भरतीओहोटी:
रत्नागिरीहून. पाईप घालाच म्हणणाऱ्यांना आमच्याकडची गोष्ट. समुद्रापासून अर्धा किलोमीटर. आमच्या अपार्टमेंटला पट्टीला जीआय पाईप घातला, सिमेंटने खालून-वरून पक्का बंद केला. छान दिसत होता. सहा पावसाळे गेले. पाईपच्या वरच्या तोंडातून पाणी आत गेलं, खाली निचऱ्याला वाट नाही, खारी हवा आणि साचलेलं पाणी, आतल्या पट्टीचा अक्षरशः भुगा झाला, पाईप मात्र बाहेरून चांगला. शंकेखोर म्हणतायत त्यात तथ्य आहे. नंतर आम्ही जाड पीव्हीसी पाईप घातला, खालचं तोंड उघडं, वर टोपी, आणि छातीच्या उंचीवर एक जोड उघडता येईल असा ठेवला तपासायला.

तांब्याची पट्टी का नाही लावली म्हणाल तर लावली होती, चोरीला गेली. रात्रीत. तांब्याला पाईप घालायचं खरं कारण आमच्याकडे ठोकर नाही, भंगारवाला आहे.

शंकेखोर:
आभार. माझ्या बाजूने पहिला माणूस बोलला 😀

खांबावरून:
भरतीओहोटी, तुमचा पीव्हीसीचा निर्णय आणखी एका कारणाने बरा. एकट्या अर्थच्या तारेला लोखंडी पाईप घातला की तो पाईप चोकसारखा वागतो. घरच्या फॉल्टला फार फरक पडत नाही, पण विजेसारखा झटक्यात येणारा करंट असेल तर पाईप त्याला अडवतो. म्हणून लोखंडी पाईप घालायचाच तर त्याची दोन्ही टोकं आतल्या तारेला जोडायची, म्हणजे पाईपही करंट वाहून नेतो. हे शंभरात पाच जण करत असतील. गच्चीवरून येणाऱ्या तडितरोधकाच्या पट्टीला तर लोखंडी पाईप मी घालूच देत नाही, पीव्हीसीच घ्या. आणि तिथे माणसं जमतात, मुलं खेळतात अशा जागी नुसत्या पीव्हीसीवर विसंबू नका, तडितरोधकाच्या पुस्तकात, आयएस/आयईसी ६२३०५ मध्ये, अशा जागी उघड्या पट्टीवर १०० किलोव्होल्टचा झटका सोसेल असं इन्शुलेशन सांगितलंय, ३ मिमी जाड क्रॉसलिंक पॉलिथिन वगैरे.

सरकारी कामांचं विचाराल तर सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्राच्या बांधकाम खात्याच्या) स्पेसिफिकेशनमध्ये खड्ड्यापासून येणाऱ्या तारेला १५ मिमीचा आणि पट्टीला ४० मिमीचा मीडियम क्लास जीआय पाईप स्पष्ट लिहिलाय, जमिनीत निदान ३० सेंटिमीटर खोल, रस्ता किंवा फरसबंदी ओलांडत असेल तर ६०. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने ती ओळ तिथून उचलली असणार. म्हणजे लुच्चेपणा नाही, सवय आहे. फक्त मीटर रूमच्या आत तीच सवय चालवली.

ताकभात:
म्हणजे पाईप घाला, पण लोखंडी नको, लोखंडी घातला तर जोडा, बंद करू नका, पण उघडाही ठेवू नका. समजलं. मी गॅसवर भात ठेवून आले.

कृष्णाकाठ:
ताई, पाईपपेक्षा जोड महत्त्वाचा. मी आजवर जेवढ्या मेलेल्या अर्थ बघितल्या त्यात वायर मधनं तुटलेली कमी, बोल्टपाशी मेलेली जास्त. रंगावरच लग (वायरीच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा) आवळलेला, वॉशर नाही, तांबं आणि जीआय थेट एकमेकांवर, पाणी लागलं की हिरवं चूर्ण. अठरा हजारातले चार हजार टिन केलेल्या लगवर आणि चांगल्या नट-बोल्टवर घाला.

अजून एक. लिफ्टच्या मोटरला दोन स्वतंत्र अर्थ लागतात, १९५६ च्या वीज नियमांपासून आहे ते. लोक दोन पट्ट्या नेतात, पण एकाच भिंतीवर, एकाला एक चिकटून, एकाच सॅडलखाली. टेम्पो रिव्हर्स घेताना धडकला तर दोन्ही एकदम जाणार, मग दोन कशाला केल्या? एक जिन्याकडनं न्या, एक डक्टमधनं. ह्याला पाईपचा खर्च पण येत न्हाई.

शंकेखोर:
हे मात्र पटलं. आमच्याकडे आत्ता खाली जाऊन बघून आलो. दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी, आणि एकीला कोणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधलीय.

उंबरठा:
मग तीस वर्षांत काय झालं? 😀

शंकेखोर:
दोरी झाली.

उंबरठा:
एक व्यावहारिक प्रश्न. पाईप घातला की आतली अर्थ शाबूत आहे की नाही ते साध्या माणसाला कळणार कसं? टेस्टरने?

खांबावरून:
टेस्टरने नाही, टेस्टर फक्त फेज दाखवतो. काही वायरमन फेज आणि अर्थच्या पिनमध्ये बल्ब लावून बघतात, बल्ब लागला की अर्थ चांगली म्हणतात. तो बल्ब एका केसाएवढ्या तारेवरसुद्धा लागतो, आणि खाली अर्थ तुटली असेल तर तुमच्या बल्बमधून सगळ्या बिल्डिंगचे पत्रे जिवंत होतात. करू नका ते. सप्लाय बंद करून गिझरच्या पिनपासून बसबारपर्यंत ओहम मोजायचे. अडीच स्क्वेअर तांब्याची वीस मीटर वायर असेल तर ०.१५ च्या आसपास यायला हवेत. दोन-तीन ओहम आले तर मधे कुठेतरी सडका जोड आहे. खड्ड्याचं वेगळं मोजतात, त्याला अर्थ टेस्टर आणि जमिनीत दोन सळया लागतात, ते लायसनवाल्याकडून वर्षातून एकदा, उन्हाळ्यात करून घ्या. पावसाळ्यात सगळेच खड्डे पास होतात.

थेम्सकाठी:
उन्हाळ्यात मोजा हे लाख मोलाचं. इथे उन्हाळाच नाही त्यामुळे आमचा प्रश्न नाही.

जिन्याखालचा:
मीटिंग झाली. वृत्तांत देतो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

मी धागा प्रिंट करून नेला, खजिनदारांनी चष्मा लावून सगळा वाचला, खांबावरून काकांचा सगळ्या फ्लॅटचे फ्रीज जिवंत होतात तो भाग दोनदा. मग स्वतःच म्हणाले आपण खाली जाऊन बघू. गेलो. पार्किंगच्या कोपऱ्यात जिथून पट्टी जमिनीत जाते तिथे बरोबर स्कूटरच्या स्टँडच्या उंचीला ती वाकलेली आणि अर्धी चिरलेली होती. अर्धी. दुसऱ्या अर्ध्यावर चोवीस फ्लॅट.

ठरलं असं. पार्किंगमध्ये जमिनीखाली एक फूट ते वर सात फूट जाड पीव्हीसी पाईप, तोंड खाली उघडं, बाहेरून लोखंडी अँगलचा गार्ड म्हणजे स्कूटर गार्डला लागेल, पाईपला नाही. जिन्यात लोकांचा हात पोचतो तिथे केसिंग. मीटर रूमच्या आत पाईप नाही, नुसते सॅडल, पण नवं कुलूप आणि सायकली बाहेर. लिफ्टची एक पट्टी डक्टमधून. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला, मग ती ओळ साडेअकरा हजारावर आली. उरलेल्यातून लग, बोल्ट आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या पांढऱ्या पाईपच्या वरच्या लोखंडी नळाला बाँडिंग. आणि ज्यांच्याकडे आरसीसीबी नाही अशा नऊ फ्लॅटना महिनाभराची मुदत. नऊपैकी एक खजिनदार.

शंकेखोर:
सायकली बाहेर काढल्या का खरंच?

जिन्याखालचा:
दोन काढल्या. तिसरी कोणाची तेच कळत नाहीये. पाळणाखुर्चीही तशीच आहे, तिच्यावर आता कॉन्ट्रॅक्टरचा माणूस बसून डबा खातो.